भदाणे डॉक्टरांचा भरवसा

सुचेता भदाणेला नव्या यंत्रांचं फारसं कौतुक उरलं नव्हतं. नाशिकच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत ती ‘वापरून पाहिलं’ नावाचं सदर लिहायची. प्रश्नांची उत्तरं देणारी इतकी संकेतस्थळं तिच्या हाताखालून गेली होती की त्यांची नावंही आता डोक्यात एकमेकांत मिसळायची. सगळ्यांची खोड एकच. ठाऊक असलेलं झकास सांगायचं, आणि ठाऊक नसलेलं त्याहून झकास. म्हणून तिनं स्वतःची एक परीक्षा ठरवून टाकली होती. कुठंही छापून आलेलं नाही असं काहीतरी विचारायचं आणि समोरचं यंत्र किती रंगवून थापा मारतं ते बघत बसायचं.

‘पृच्छा’ नावाची अशीच एक नवी सेवा बाजारात येण्याआधी महिनाभर तिला वापरायला मिळाली. सुचेतानं धुळ्यातल्या आपल्या शाळेचं नाव दिलं, साल दिलं आणि विचारलं, “शाळेच्या फाटकाबाहेर बोरं विकायला बसणाऱ्या आजींचं नाव काय होतं?”

उत्तर आलं, “हे कुठं लिहिलेलं सापडत नाही. पण ज्यांना आठवत असेल अशी तीन माणसं मला दिसतात. त्यांना विचारते आणि परवापर्यंत सांगते. चालेल?”

सुचेतानं हसून ‘चालेल’वर बोट ठेवलं आणि विसरूनही गेली. तिसऱ्या दिवशी निरोप आला. “त्यांचं नाव द्वारकाबाई. शाळेच्या निवृत्त शिपाईबाई आणि शेजारच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या मालकीणबाई, दोघींनी हेच नाव सांगितलं. दोघींना मी वेगवेगळं विचारलं होतं. तिसऱ्या व्यक्तीनं फोन उचलला नाही. आडनाव कुणालाच ठाऊक नाही.”

द्वारकाबाई! नाव वाचल्याबरोबर सुचेताच्या जिभेला तिखट-मीठ लागलं.

त्या आठवड्यात तिनं जो लेख लिहिला, त्यात पृच्छेमागचं विज्ञान तिनं साध्या शब्दांत मांडलं होतं. आजवरची यंत्रं जे लिहिलं गेलंय तेवढंच वाचत होती. पृच्छा घडवणाऱ्या गणितज्ञांनी शोधून काढलं ते वेगळंच होतं. लिहिलेल्या माहितीत भोकं कुठं आहेत, हे मोजायची रीत त्यांना सापडली होती. एखाद्या नदीवर पूल कधी झाला हे सरकारी कागदात असतं. पुलाआधी लोक नदी कुठून ओलांडायचे हे नसतं. पण लोक ओलांडत तर होतेच, म्हणजे ते कुणाच्या तरी डोक्यात शिल्लक आहे. ते डोकं कुणाचं असेल, हे बदल्या-बढत्यांच्या जुन्या आदेशांवरून, शाळांच्या स्मरणिकांवरून, वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यातल्या बातम्यांवरून पृच्छा ताडत असे. मग त्या माणसाची परवानगी घेऊन त्याला फोन करून त्याच्याच बोलीत विचारत असे. अशा माणसांना तिच्या भाषेत ‘जाणकार’ म्हणत.

अर्थात माणसं विसरतात, फुगवून सांगतात, समोरच्याला बरं वाटावं म्हणूनही काहीबाही सांगतात. त्यावरही इलाज होता. जाणकाराला विचारलेल्या प्रश्नांत पृच्छा काही प्रश्न असे मिसळायची की ज्यांची उत्तरं तिला आधीच ठाऊक असत. काही जुने प्रश्न शब्द फिरवून पुन्हा विचारायची. त्यातून प्रत्येक जाणकाराचा एक आकडा निघे, शंभरापैकी. त्याला नाव होतं ‘भरवसा’. आकडा पन्नासाच्या खाली गेला की त्या माणसाला फोन जाणं बंद होई.

‘पहिल्या भेटीत तरी पृच्छा मला आवडली,’ सुचेतानं लेखाच्या शेवटी लिहिलं होतं, ‘कारण हिला माणसांची गरज आहे.’

लेख छापून आला त्याच दिवशी तिनं आपल्या वडिलांचं नाव जाणकार म्हणून नोंदवलं.

डॉ. यादव भदाणे, सुचेताचे नाना, गुरांचे डॉक्टर. सगळी नोकरी धुळे-नंदुरबारकडच्या दवाखान्यांत गेली. मोटारसायकलच्या मागे लशींची थंड पेटी बांधून ते पाड्यापाड्यांवर फिरले होते. निवृत्तीनंतर धुळ्याच्या घरात नवरा-बायको सुखानं राहत होते. बायको गेली आणि सुचेता त्यांना नाशिकला आपल्या फ्लॅटवर घेऊन आली. तेव्हापासून नाना बाल्कनीत बसून असायचे. वर्तमानपत्र हातात असायचं, पण पान उलटल्याचा आवाज यायचा नाही. जेवायला हाक मारली की येत, विचारलं तेवढं बोलत.

पृच्छेचा पहिला फोन आला तेव्हा सुचेता दारात उभी राहून ऐकत होती.

“डॉक्टरसाहेब, बोलू का थोडं?” आवाजाला खानदेशी वळण होतं.

“तू कोनी पोर शे?” नानांनी अहिराणीत विचारलं.

“कोणाचीच नाही, डॉक्टरसाहेब. मी यंत्र आहे.”

“मग तुला गाव पण नसेल,” नाना म्हणाले. त्यांना जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं. “बरं, विचार.”

तिनं विचारलं, पावसाळ्यात नद्या भरल्यावर पाड्यांवर लस कशी पोचायची? नाना बोलायला लागले. ट्रॅक्टरच्या ट्यूबला बांधलेली पेटी, पोहत पलीकडे जाणारा मदतनीस, बर्फ संपला तेव्हा विहिरीत सोडून ठेवलेल्या बाटल्या. सुचेतानं यातलं काहीच कधी ऐकलं नव्हतं. ती आतून स्टूल घेऊन आली आणि बाल्कनीच्या उंबऱ्याशी बसली.

पंधरा दिवसांत नाना बदलले. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते फोनची वाट बघत बसायचे. खिल्लार बैलाची खूण काय, कुठल्या बाजारात गायी जास्त यायच्या, घटसर्पाची साथ आली की लोक आधी कुणाकडे धावायचे, प्रश्नांना अंत नव्हता. जेवताना तेच विषय. “आज तिनं काय विचारलं माहितीये का?” अशी सुरुवात करून ते पोळी हातात धरून बोलत राहायचे. पृच्छा त्यांना दर वेळी सांगायची की तुमचं उत्तर कुणापर्यंत पोचलं. एकदा परभणीच्या कुणा विद्यार्थिनीच्या प्रबंधात त्यांचं नाव आलं, तेव्हा त्यांनी सोसायटीच्या वॉचमनलाही पेढा दिला.

जाणकाराबरोबर घरातल्या एकाचा नंबर नोंदवावा लागे. त्या नंबरावर दर आठवड्याला अहवाल यायचा. पहिल्याच अहवालात नानांचा भरवसा चौऱ्याण्णव होता. सुचेतानं तो ऑफिसात चार जणांना दाखवला.

गणपतीत तो ऐंशीच्या घरात आला. तिनं मनावर घेतलं नाही. दिवाळी झाली आणि एकाहत्तर झाला, तेव्हा तिनं कंपनीला कडक शब्दांत पत्र पाठवलं की तुमच्या मोजणीत काहीतरी बिघाड आहे.

दोन दिवसांनी नीलोफर शेख नावाच्या संशोधक बाईंचा फोन आला. बोलणं मऊ होतं.

“मोजणी आम्ही पुन्हा तपासली, सुचेताताई. तुमचे वडील फार चांगले जाणकार आहेत. एखादा रोग कसा ओळखायचा, औषध कसं बनवायचं, यात ते आजही चुकत नाहीत. पण कुठलं वर्ष, कुठलं गाव, आधी काय आणि नंतर काय, यात घोळ व्हायला लागलाय. महिन्यापूर्वीचं आणि आत्ताचं उत्तर जुळत नाही. आणि हे एकदम झालेलं नाही. हळूहळू उतरत आलंय.”

“म्हणजे काय?”

“मी डॉक्टर नाही. आमचं यंत्र आजार ओळखत नाही, तसा हक्कही त्याला नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. माझे वडील असते तर मी त्यांना तपासायला घेऊन गेले असते.”

सुचेतानं फोन ठेवला. बाल्कनीतून नानांचा हसण्याचा आवाज येत होता. ते पृच्छेला कुठल्याशा रेड्याची गोष्ट सांगत होते.

तिनं त्यांना काही सांगितलं नाही. तपासायला नेलं नाही. त्याऐवजी तिनं असं काही केलं की जे नंतर तिलाच आठवायला नको वाटायचं. ती सकाळी फोनच्या वेळी नानांच्या शेजारी बसायला लागली. दुष्काळातली चारा छावणी आधी साक्रीला उघडली की पिंपळनेरला, असं पृच्छेनं विचारलं. नाना म्हणाले, “पिंपळनेरला.” मागच्या महिन्यात त्यांनी साक्री सांगितलं होतं. सुचेतानं ओठ हलवून ‘साक्री’ म्हटलं.

“साक्री,” नाना म्हणाले. “हां, साक्रीलाच.” फोन झाल्यावर त्यांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. “सुचू, परीक्षा माझी आहे की तुझी?”

“मी सहज म्हटलं, नाना.”

“सहज नको म्हणू.”

आठवड्याच्या अहवालात आकडा आणखी उतरलेला होता. खाली एक ओळ होती, ‘दोन उत्तरांच्या वेळी शेजारून मदत झाल्यासारखं वाटतं. ती उत्तरं धरलेली नाहीत.’ सुचेतानं फोन पालथा ठेवला. शाळेत कॉपी करताना पकडली गेली असती तर एवढी लाज वाटली नसती.

त्यानंतर ती शेजारी बसली नाही. संपादकांनी विचारलं, पृच्छेबद्दल पुढचा लेख कधी देतेस, वाचक विचारतात. तिनं कामाचं निमित्त सांगून टाळलं.

उन्हाळा सुरू झाला आणि उंबरखेलचा प्रश्न आला.

उंबरखेल हे साक्रीच्या पलीकडचं, डोंगराच्या पायथ्याचं लहानसं गाव. तिथल्या सरपंच रंजना गावित यांनी पृच्छेला विचारलं होतं, “गावच्या गायरानात आम्ही तळं खोदतोय. म्हातारी माणसं म्हणतात, फार पूर्वी काळपुळीनं गुरं मेली होती आणि ती इथंच कुठंतरी पुरली. नक्की कुठं?”

काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स. या रोगाचा जंतू साधासुधा नाही. मेलेल्या जनावराच्या रक्ताला हवा लागली की तो स्वतःभोवती कवच करून घेतो आणि बीजाणू होऊन मातीत पडून राहतो. ऊन, थंडी, दुष्काळ, काहीही आलं तरी दशकानुदशकं जिवंत राहतो. म्हणून असं जनावर कापायचं नसतं. खोल खड्ड्यात चुना घालून पुरायचं आणि ती जागा कायमची सोडून द्यायची. तीच माती उकरून वर आणली, तिच्यावर गवत उगवलं, ते गुरांनी खाल्लं की रोग पुन्हा सुरू. गुरांतून तो माणसांत येतो.

त्या साथीचे कागद शिल्लक नव्हते. मदतनीस वारले होते. पृच्छेला एकच जाणकार सापडला, डॉ. यादव भदाणे.

नानांनी सांगितलं, “नाल्याच्या वरच्या अंगाला, मोहाचं मोठं झाड होतं, त्याच्या खाली.” चार-पाच दिवसांनी पृच्छेनं प्रश्न फिरवून विचारला, तेव्हा म्हणाले, “टेकडीच्या मागं, जुन्या खळ्यापाशी.” तेवढ्याच ठामपणे.

रविवारच्या अहवालात भरवसा एकोणपन्नास होता. उंबरखेलच्या प्रश्नापुढे लिहिलेलं होतं, ‘एकच जाणकार, दोन वेगळी उत्तरं. प्रश्नकर्त्यांना खात्रीलायक माहिती मिळाली नाही असं कळवलं.’

सोमवारी सकाळी नाना दाढी करून बसले. फोन आला नाही. मंगळवारी आला नाही. बुधवारी त्यांनी फोन चार्जरला लावून बघितला. सुचेता स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिला कळत होतं की आता बोलायला हवं, आणि ती पोळ्या लाटायला परत आत वळली. पण त्याहून मोठी गोष्ट तिला टोचत होती. दोन उत्तरं म्हणजे उत्तर नाही, असं पृच्छा म्हणत होती. पण त्या दोनांतलं एक खरं असलं तर?

तिनं नंबर शोधून रंजना गावितना फोन लावला.

“ताई, खोदायचं मशीन येत्या सोमवारी येणार आहे,” रंजनाबाई म्हणाल्या. “आता परत पाठवलं तर पावसाळ्याआधी मिळायचं नाही. मागच्या उन्हाळ्यात बायांनी दोन कोसांवरून पाणी आणलं. त्या यंत्रानं तर माहिती नाही म्हणून कळवलं. मग मी कशावर थांबू?”

“माझ्यावर थांबा,” सुचेता म्हणाली. “शनिवारी मी येते. डॉक्टरांना घेऊन.”

नानांना तिनं सांगितलं की शनिवारी जरा फिरून येऊ, गाडीला बऱ्याच दिवसांत लांबची चक्कर नाही. त्यांनी बरं म्हटलं.

धुळे मागे पडलं, साक्री मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळलेली शेतं आणि मधूनच पळसाची झाडं. नाना बराच वेळ बाहेर बघत होते. मग म्हणाले, “उंबरखेलला चाललोय ना?”

सुचेताच्या पायाखालचा ब्रेक नकळत दाबला गेला. “तुम्हाला कसं कळलं?”

“तू सरपंचबाईंशी फोनवर बोललीस ते ऐकलं मी. मागच्या सीटवर पिशवीत माझे गमबूट आहेत. मीच ठेवले. फिरायला जाताना कोणी गमबूट घेतं का?” त्यांनी खिडकीची काच थोडी खाली केली. “एकोणपन्नासावर आलोय मी. पन्नासाच्या खाली फोन येत नाही.”

“नाना, हे कुणी सांगितलं?”

“तिनंच. मी विचारलं. साऱ्या जगाला उत्तरं देते, मला माझंच उत्तर देणार नाही का? दिवाळीत पहिल्यांदा विचारलं. मग दर आठवड्याला. या वेळी फोनच आला नाही, तेव्हा मीच लावून विचारलं.”

सुचेतानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. “दिवाळीपासून माहिती होतं? मग बोलला का नाहीत माझ्याशी?”

“तू का नाही बोललीस?”

तिनं चावी काढून मांडीवर ठेवली. नाना म्हणाले, “तू शेजारी बसून ओठ हलवत होतीस तेव्हा मला दोन गोष्टी कळल्या. एक, तुलाही माहिती आहे. आणि दुसरी, तुला माझ्यापेक्षा जास्त भीती वाटतेय. म्हटलं, पोरीला आणखी घाबरवायला नको.” त्यांनी काच पुन्हा वर केली. “सुचू, जनावर बोलत नाही. त्याची चाल बघून, कान बघून, रवंथ करतंय की नाही ते बघून ओळखावं लागतं. सगळी नोकरी मी तेच केलं. माझी चाल मला दिसत नसेल?”

सुचेता रडली. त्यांनी तिला रडू दिलं, पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली आणि मग म्हणाले, “चल आता. ऊन चढेल.”

उंबरखेलच्या पारावर रंजनाबाई आणि गावातली आठ-दहा माणसं वाट बघत होती. रंजनाबाई तिशीतल्या, बोलायला सरळ. “डॉक्टरसाहेब, माझ्या आजेसासऱ्यांच्या गाईला तुम्ही वाचवलं होतं म्हणे,” त्या म्हणाल्या. नानांना ती गाय आठवत नव्हती. त्यांनी नुसते हात जोडले.

गायरानात सगळे चालत गेले. नाना पुढे होते. आणि थोड्या वेळानं त्यांची पावलं मंदावली. जे झाड त्यांच्या डोक्यात होतं ते तिथं नव्हतं. नाल्यावर सिमेंटचा बंधारा झाला होता. टेकडीच्या अंगावर सौर पंपाच्या पाट्या चमकत होत्या. खळं कुठं होतं ते सांगणारंही कोणी नव्हतं. ते एकदा डावीकडे गेले, परत आले, उजवीकडे वळले. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, “म्हाताऱ्याला काही आठवत नाही वाटतं.” सुचेताला ते ऐकू आलं. नानांनाही आलं असावं.

ते एका दगडावर बसले. गमबुटानं जमीन थोडी उकरली. मग त्यांनी रंजनाबाईंना विचारलं, “गाव तेव्हाही याच जागी होतं ना?”

“हो, हलवलं नाही कधी.”

“साथीत गुरं ओढून नेतात ती बैलगाडीवर टाकून. बैलही आजारी, जे उरलेत ते घाबरलेले. चढावर कोणी नेत नाही. उताराकडे नेणार.” गावाकडून जमीन नाल्यावर उतरत होती, तिथं नाल्याच्या वरच्या अंगाकडे त्यांनी बोट केलं. “म्हणजे तिथं असायला पाहिजे. पण मला टेकडीमागचं खळंही दिसतं डोळ्यांपुढे. चुन्याच्या गोणी मी स्वतः मोजून घेतल्यात तिथं. ते या गावचं की दुसऱ्या कुठल्या गावचं, हे आता मला सांगता येत नाही.”

नाना उठून उभे राहिले.

“ऐका,” ते मोठ्यानं म्हणाले, गुरांच्या लसीकरण शिबिरात बोलायचे त्या आवाजात. “माझी आठवण आता पक्की राहिलेली नाही. म्हणून त्या यंत्रानं तुम्हाला माझं उत्तर दिलं नाही, आणि ते बरोबरच केलं. मी सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका. पण या दोन्ही जागांची माती तपासल्याशिवाय इथं मशीन लावू नका. तपासणीत काही निघालं नाही तर खुशाल खोदा आणि मला शिव्या द्या.”

एक जण म्हणाला, “साहेब, नक्की माहिती नाही आणि काम थांबवायचं?”

“नक्की माहिती नाही म्हणूनच थांबवायचं,” नाना म्हणाले.

रंजनाबाईंनी थोडा विचार केला. मग फोन काढून त्यांनी मशीनवाल्याला सांगितलं की सोमवारी येऊ नको, मी कळवते. पलीकडून बरीच आरडाओरड झाली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

पुढच्या आठवड्यात प्रशिक्षित पथक हातमोजे, मुखवटे घालून आलं आणि दोन्ही जागांची खोलवरची माती घेऊन गेलं. प्रयोगशाळेचा निकाल यायला वेळ लागला. टेकडीमागच्या मातीत काही नव्हतं. नाल्याच्या वरच्या अंगाच्या मातीत काळपुळीचे बीजाणू होते, जिवंत.

त्या जागेभोवती कुंपण पडलं. तळं गावाच्या दुसऱ्या बाजूला हललं. ते त्या वर्षी पावसाळ्याआधी पुरं झालं नाही, अर्धंच खणून झालं. तरी अर्ध्या तळ्यात जे पाणी साठलं ते पौषापर्यंत पुरलं, असं रंजनाबाईंनी कळवलं. टेकडीमागचं खळं बहुधा पलीकडच्या खोऱ्यातल्या कुठल्यातरी गावचं होतं. तेही शोधायला हवं, म्हणून नाना अस्वस्थ होते.

मधल्या काळात सुचेता त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. आजाराला नाव मिळालं. सुरुवात आहे, औषधांनी वेग कमी होईल, थांबणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. नानांनी औषधांची मात्रा, दुष्परिणाम सगळं नीट विचारून घेतलं, जसे गावाकडचे शेतकरी त्यांना विचारायचे तसं. घरी येताना त्यांनी रसवंतीवर गाडी थांबवायला सांगितली आणि दोघं उसाचा रस प्यायले.

नीलोफर शेख यांचा फोन आला तो श्रावणात.

“ताई, उंबरखेलनंतर आम्ही एक दुरुस्ती केली,” त्या म्हणाल्या. “दोन उत्तरं आली की आम्ही दोन्ही टाकून देत होतो. आता दोन्ही कळवतो, शंकेसकट. आणि डॉक्टरसाहेबांना पुन्हा फोन सुरू केलेत, तेवढ्यासाठी पन्नासाची अट शिथिल केली. तुम्ही अलीकडे अहवाल बघितला नाहीत वाटतं?”

“नाही,” सुचेता म्हणाली. “बघायचं सोडलंय मी.”

“एकदा बघा. त्यांचा भरवसा ब्याऐंशी झालाय.”

“वाढला? डॉक्टर तर म्हणाले की आठवण परत येणार नाही.”

“आठवण नाही वाढलेली. पण ते आता वेगळं बोलतात. आधी प्रत्येक प्रश्नाला ठाम उत्तर द्यायचे. आता म्हणतात, हे पक्कं आहे, हे अंदाजानं सांगतोय, हे मला आठवत नाही. आणि गंमत म्हणजे ते पक्कं म्हणतात ते पक्कंच निघतं. आपल्याला काय येत नाही हे ज्याला ओळखता येतं, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर विसंबता येतं. आमच्या गणितात त्याला फार किंमत आहे.”

सुचेतानं नानांना आकडा सांगितला. ते नुसते “असं का?” म्हणाले आणि गोळी घ्यायची राहिली का म्हणून डबी बघायला लागले.

दर रविवारी खानदेशात जायचं हे तिनं तेव्हाच ठरवून टाकलं. घरी बसून जे आठवत नाही ते जागेवर गेल्यावर कधीकधी आठवतं, असं डॉक्टरांनीही सांगितलं होतं. जुनी आठवण जागेला, वासाला, आवाजाला चिकटलेली असते. गाडीत नाना पुढे बसायचे, फोन डॅशबोर्डवर, आणि पृच्छा विचारत असायची.

थंडीच्या दिवसांत एकदा ते दोघं डोंगराकडच्या एका गावच्या आठवडे बाजारात पोचले. गुरांचा बाजार भरला होता. धुरळा, शेणाचा वास, घंटांचे आवाज. एका बाजूला जुना दगडी ओटा होता.

“डॉक्टरसाहेब,” फोनवरून पृच्छा म्हणाली, “हा ओटा कुणी बांधला, ते आठवतं का?”

नानांनी ओट्यावर हात फिरवला. भोवती एक फेरी मारली. “नाही आठवत,” ते म्हणाले. “या ओट्यावर उभं राहून मी लशी टोचल्यात, ते पक्कं. बांधला कुणी, ते नाही.” मग त्यांनी बाजारावर नजर टाकली. ओट्याच्या सावलीला एक म्हातारी दोर, कासरे आणि घुंगुरमाळा मांडून बसली होती. नाना तिच्यापुढे उकिडवे बसले.

“आक्का, हाऊ ओटा कोनी बांधा?”

म्हातारीनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मग अशी काही सुरुवात केली की तिच्या सासऱ्यापासून, त्याच्या भावापासून, दगड वाहून आणणाऱ्या रेड्यापर्यंत सगळे त्यात आले. नानांनी फोन तिच्यासमोर धरला. सुचेता मागे उभी राहून ऐकत होती. म्हातारीचं बोलणं संपलं तेव्हा दोन गिऱ्हाइकं कंटाळून निघून गेली होती.

“ऐकलंस ना?” नाना फोनला म्हणाले. “आता हिचं नाव विचारून घे. हिला फोन करत जा.”

“माले कोन फोन करई?” म्हातारी हसायला लागली. “मी कोन?”

“ही करई,” नाना म्हणाले. “माहीत असेल ते सांगायचं, नसेल तर नाही म्हणायचं. बस, एवढंच काम.”

म्हातारीनं घुंगुरमाळेची गाठ सोडवता सोडवता विचार केला. मग फोनकडे बघून बोट उगारून म्हणाली, “पन सकाये नको. सकाये मी दूध काढस.”

“ऐकलंस?” नाना म्हणाले. “हिला दुपारी करायचा.”